पांढरा कुडा, काळा कुडा

पुतण्याची मुलगी आयुर्वेदाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परवा तिचा फोन आला. "आजी, आपल्या घरातला तो हगवणीचा काढा होता ना, त्यात नक्की काय काय असायचं? मला लिहून दे." तिला कसलासा प्रकल्प करायचाय, एकापेक्षा जास्त वनस्पतींचे अर्क एकत्र करून जंतुजन्य अतिसारावर उपयोग होतो का, असा काहीतरी विषय. मी म्हटलं, लिहून देते. आणि लिहायला बसले तर दोन ओळींत संपणारी गोष्ट चार दिवस पुरली. म्हणून म्हटलं इथेच लिहावी, म्हणजे घरातल्या बाकीच्यांनाही वाचता येईल आणि तुम्हा मंडळींनाही.

आधी शब्दांचं थोडं (आयुष्यभर मराठी शिकवलं, खोड जात नाही!). आता सगळ्यालाच "लूज मोशन" म्हणतात. आमच्या लहानपणी त्याचे केवढे प्रकार होते. नुसतं पातळ होणं म्हणजे जुलाब. पोटात पिळवटून येतं तो मुरडा. शेंब पडते ती आव, रक्त पडलं की रक्ती आव. दिवसेंदिवस रेंगाळते ती संग्रहणी. आणि पाण्यासारखे लोटच्या लोट जातात ते ढाळ. ढाळ आणि वांती एकदम सुरू झाली की म्हाताऱ्या माणसांचे चेहरे उतरत, पटकीचं नाव मात्र कोणी तोंडातून काढत नसे. गंमत म्हणजे हे नुसते शब्द नव्हते, निदान होतं. रक्त पडतंय की नाही, पाण्यासारखं आहे की शेंब आहे, हेच प्रश्न आजचे डॉक्टरही आधी विचारतात आणि त्यावरून औषध ठरवतात.

तर काढा. आमच्या संगमेश्वर तालुक्यातल्या घरी तो असा असे: कुड्याचं पाळ, म्हणजे मुळाची साल. बेलाच्या कोवळ्या फळाच्या वाळवलेल्या चकत्या, काष्ठौषधीच्या दुकानात बेलकाचरी मागितली की मिळतात त्या. नागरमोथ्याच्या गाठी, शेताच्या बांधावर उपटून काढलेल्या. डाळिंबाची वाळलेली साल. सुंठ. सगळं भरड कुटून पाण्यात घालायचं आणि मंद चुलीवर आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं. रंग चहापेक्षा काळा, चव अशी की आठवणीनेच आत्ता तोंड वाकडं झालं. प्रमाणं मी मुद्दामच इथे देत नाही. नातीला वेगळी कळवली आहेत, तिला शिकवणारे वैद्य आहेत. इथे वाचून कोणीतरी नातवंडाला पाजायचं, ते नको.

यातला राजा कुडा. संस्कृतात कुटज. मेघदूतात यक्ष ढगाला सामोरा जातो तो कुटजाची ताजी फुलं घेऊनच. वर्गात हे सांगितलं की मुलांना ते कुठलंतरी स्वर्गीय फूल वाटायचं. मग मी सांगायचे, अरे तो आपल्या परड्यामागचा कुडा! उन्हाळा सरत आला की पांढऱ्या फुलांचे झुबके येतात आणि मग लांबलचक शेंगा जोडीजोडीने लोंबतात. आतल्या बिया म्हणजे इंद्रजव. त्याही औषधी, त्याही कडू.

पण कुडे दोन. एक पांढरा, औषधाचा. दुसरा काळा. दिसायला भाऊभाऊ, फुलं दोघांचीही पांढरी. पांढऱ्याच्या शेंगा सुट्या लोंबतात, काळ्याच्या जोडीची टोकं पिकेपर्यंत एकमेकांना चिकटलेली असतात, म्हणजे शेंगा असताना ओळखणं सोपं. साल सोलून, वाळवून गठ्ठा बांधून आणली की मात्र फसगत. पांढऱ्याची साल कडूजहर, काळ्याची तेवढी नाही. माझी आई सालीचा तुकडा जिभेवर ठेवून पाही. काळ्या कुड्याच्याही बिया विकतात, त्यांना गोडे इंद्रजव म्हणतात. लाकूड मऊ, चन्नपट्टणची ती गुळगुळीत रंगीत खेळणी त्याचीच. म्हणजे झाड काही वाईट नाही, पण हगवणीला पांढरा तो पांढरा. ही भेसळ आजही होते, बाजारातली साल तपासणारे लोक नेहमी याबद्दल लिहीत असतात. आईला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मला काय सांगतेस.

नातीचा मूळ प्रश्न असा होता की एकच औषध का नाही? पाच कशाला? तिला मी आधी बाळगुटीची आठवण करून दिली. सहाणेवर मुरडशेंग, हळकुंड, जायफळ, सुंठ, वेखंड, अतिविष, नागरमोथा, कुडा... आणि प्रत्येकाचे वेढे वेगळे. सकाळी बाळाचं दुपटं बघून आजी ठरवायची. पातळ झालंय, जायफळाचा एक वेढा जास्त. पोट दुखतंय, मुरडशेंग वाढव. रोजचं मिश्रण रोज नवं. कुठल्या कारखान्याला हे जमेल?

आयुर्वेदात ठरलेली मिश्रणंही आहेतच. कुटजारिष्टात कुड्याच्या सालीबरोबर मनुका, मोहाची फुलं, शिवण, धायटीची फुलं आणि गूळ असतो. गंगाधर चूर्णात नागरमोथा, इंद्रजव, बेल, लोध्र, मोचरस आणि धायटी. (नाव बघा, गंगा धरून ठेवणारा! ज्याने ठेवलं त्याला विनोदबुद्धी होती.) आणि एक फार शहाणपणाची गोष्ट चरकापासून सांगितलेली आहे, की पोटात आम असताना सुरुवातीलाच जुलाब बांधू नयेत. आधी जे बाहेर पडायचं ते पडू द्यावं, मग थांबवणारी औषधं. जंतूंमुळे रक्ती आव पडत असताना आतड्याची हालचाल बंद करणारी गोळी घेऊ नये, असं आजचे डॉक्टर सांगतात, ते वेगळं काय आहे?

पण "आमच्या पूर्वजांना सगळं माहीत होतं" हे वाक्य मला सोसत नाही. त्यामुळे नातीने पाठवलेले काही शोधनिबंध मी डिक्शनरी घेऊन वाचले. इंग्रजीचा आणि माझा संबंध बीएच्या पहिल्या वर्षापुरता. पण वेळ भरपूर आहे.

त्यातलं बेलाचं काम मला फार आवडलं, कारण ते इथलंच आहे. मुंबईला वरळीत फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च नावाची संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी पुरंदर तालुक्यातल्या परिंचे भागात लोक हगवणीवर कोणती झाडं वापरतात ते पाहिलं आणि एकेक प्रयोगशाळेत नेलं. बेलाच्या कच्च्या फळाचं काम २००९ साली प्रसिद्ध झालं. त्यांनी काढाच करून पाहिला, लोक घेतात तसाच, ही मला मोठी गोष्ट वाटते. आणि निघालं काय? ज्या जिवाणूंवर तो वापरून पाहिला त्यातला एकही काढ्याने मेला नाही!! दुसऱ्या कोणी तिथेच "उपयोग नाही" असा शेरा मारून वही मिटली असती. यांनी पुढे पाहिलं. जिवाणू जिवंत होते, पण पेशींना चिकटण्याची आणि आत घुसण्याची त्यांची ताकद कमी झाली होती. पटकीचा जंतू जे विष सोडतो ते तयार होण्यावर आणि चिकटण्यावरही परिणाम होता. चोराला न मारता दाराला तेल लावून ठेवावं, तसं. मात्र एका प्रकारचा ई. कोलाय जंतू जे दुसरं, उष्णतेला न जुमानणारं विष सोडतो, त्याच्यावर बेलाची काही मात्रा चालली नाही.

आता कळलं ना पाच वनस्पती कशाला? एकट्या बेलाने एक दार बंद होतं, दुसरं उघडंच राहतं. कुड्याच्या सालीतला कोनेसिन नावाचा घटक आवेच्या अमिबावर चालतो. डाळिंबाची साल तुरट, ती आतड्याला आवळते. सुंठ आणि मोथा पचनाकडे बघतात. प्रत्येकाचं खातं वेगळं. अर्थात हे सगळं काचेच्या भांड्यातल्या पेशींवरचं, माणसाच्या पोटातलं नाही, हे त्या लोकांनीही स्पष्ट लिहिलंय.

आणखी एक गंमत. दारुहळदीत बर्बेरिन नावाचा पिवळा घटक असतो. जिवाणू काय लबाड, बर्बेरिन आत शिरलं की पंपाने बाहेर फेकतात. अमेरिकेतल्या संशोधकांना २००० साली असं आढळलं की दारुहळदीच्या जातीची झाडं बर्बेरिनबरोबर आणखी एक पदार्थ तयार करतात, जो एकटा काहीच करत नाही, पण तो पंप बंद पाडतो. त्यांचा प्रयोग हगवणीच्या जंतूवर नव्हता, गळवात पू करणाऱ्या जंतूवर होता. पण म्हणजे मिश्रण करण्याची अक्कल वैद्याच्याही आधी झाडाला होती!

मिश्रणाने नेहमीच फायदा होतो असं मात्र नाही. हेच बर्बेरिन बांगलादेशात १६५ मोठ्या माणसांना देऊन पाहिलं, ते १९८७ साली छापून आलं. ई. कोलायच्या ढाळांमध्ये फरक पडला, चांगलाच पडला. पटकीच्या रुग्णांना मात्र टेट्रासायक्लिनच्या जोडीला बर्बेरिन दिलं तर नुसत्या टेट्रासायक्लिनपेक्षा जास्त काहीच मिळालं नाही. एक अधिक एक कधी तीन होतात आणि कधी एकच राहतो. औषधाच्या दुकानातही तेच. साध्या जुलाबाला लोक दोन-दोन जंतुनाशकं एकत्र असलेली गोळी मागतात आणि दुकानदार देतोही, चिठ्ठी न बघता. विषाणूमुळे झालेल्या जुलाबाला त्या गोळीचा शून्य उपयोग. वर जंतू मात्र त्या औषधांना सरावतात. काढा पिणाऱ्यांना हसणारे हेच लोक.

इथवर लिहिलं ते नातीसाठी. पुढचं घरच्यांसाठी.

१९५८ चा पाऊस सुरू झाला होता. मी आठ वर्षांची. वाडीत ढाळ-वांती आली. सगळ्यांची विहीर एकच. आमच्या घरात आधी बापूदादा पडला, माझा चुलतभाऊ, तेव्हा अकरा वर्षांचा. आणि तीन दिवसांनी बाळू, माझा धाकटा भाऊ. तीन वर्षांचा. तालुक्याचा दवाखाना नदीपलीकडे आणि नदीला पूर. आईने काढा केला. बापूदादाच्या वेळी घरात साल होती, ती संपली. बाळूसाठी एका गड्याने रानातून नवीन साल आणून दिली, भिजलेली, अंधारात. आईने नेहमीप्रमाणे जिभेवर ठेवून पाहिली की नाही, ते तिला नंतर आठवेना.

बापूदादा उठला. बाळू दीड दिवसात गेला.

आईने एकच निष्कर्ष काढला, साल काळ्या कुड्याची होती. त्या गड्याला ती कधी काही बोलली नाही, पण त्याच्या हातून पुन्हा काही घेतलंही नाही. आणि त्यानंतर कुड्याचं झाड दिसलं की ती शेंगांकडे बघायची. लग्नकार्याला निघालेली बैलगाडी असो की एसटीची खिडकी असो. मी तिच्या शेजारी बसून हे पाहिलंय. पुढे सत्तावीस वर्षं.

पंच्याऐंशी सालची गोष्ट. मी तेव्हा नोकरीच्या गावी होते, आई माझ्याकडे राहायला आली होती. शाळांमधून जलसंजीवनी शिकवण्याचं काम आम्हा शिक्षकांकडे आलं होतं. रात्री मी जमिनीवर कार्डशीट पसरून तक्ता रंगवत होते. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. आई चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर लावून वाचायची. तिने तक्ता वाचला. म्हणाली, "ढाळात पाणी?"

मी शिक्षिकेच्या उत्साहाने सांगितलं. साखर आतड्यातून आत जाताना मिठाला बरोबर ओढून नेते आणि मिठामागे पाणी जातं. पटकीतही आतड्याचा हा दरवाजा उघडा असतो. माणूस मरतो तो जंतूने नाही, पाणी संपून मरतो. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपल्यावर पिंपांत मीठ-साखरेचं पाणी कालवून लोकांना प्यायला दिलं आणि तीस टक्क्यांपर्यंत गेलेले मृत्यू चार टक्क्यांच्या आत आले. (हे डॉक्टर २०२२ मध्ये गेले, त्यांना पद्मविभूषण मिळालं तेही मरणोत्तर.)

आई ऐकत होती. बाळूला पाणी बंद केलं होतं. तेव्हा तसंच सांगत, पोटात पाणी गेलं की ढाळ वाढतात. गावच्या वैद्यांनी तेच सांगितलं, घरातल्या मोठ्यांनी तेच सांगितलं. तो पाणी पाणी करत होता आणि त्याला चमचाचमचा काढा मिळत होता, बस. बापूदादाला मात्र तो कडू काढा उतरत नव्हता, ओकून टाकायचा. म्हणून काकू कोणाला न सांगता तो पेजेच्या निवळीत मीठ घालून त्यात कालवून द्यायची. दिवसभर वाटीवाटीने. तांदळाची पेज आणि मीठ! हे काकूने नंतर कितीदा तरी सांगितलं होतं, हसत हसत, बापूच्या हट्टीपणाची गोष्ट म्हणून. तिला काय किंवा आईला काय, कोणालाच त्यात काही दिसलं नव्हतं.

आई बराच वेळ तक्त्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे कुडा पांढराच होता."

मी रंगाचा ब्रश धुवायला उठले. त्यानंतर १९९६ ला ती जाईपर्यंत आम्ही दोघी या विषयावर बोललो नाही. पण एसटीतून जाताना ती शेंगांकडे बघायची थांबली होती.

आता मला माहीत आहे, यावरून काही सिद्ध होत नाही. बापूदादा अकरा वर्षांचा धट्टाकट्टा, बाळू तीन वर्षांचा. एवढ्याशा जिवातलं पाणी किती आणि ते किती लवकर संपतं. कुडा कोणता होता हेही कधी कळणार नाही. पण नातीला मी एवढं नक्की म्हटलं, की बाई, तुम्ही पाच वनस्पतींचा अर्क काढता, वाळवता, कॅप्सूलमध्ये भरता आणि अनुपान टाकून देता. ताकातून द्यावं, पेजेतून द्यावं, लाह्यांच्या पाण्यातून द्यावं असं जुन्या लोकांनी लिहिलं, ते आपण औषध गिळायची सोय म्हणून वाचतो. आजारात पेज, लाह्यांचं पाणी द्या असं तर ग्रंथांतच आहे. पाणी बंद करा ही रीत मध्येच कुठून शिरली कोण जाणे. तुझ्या प्रकल्पात एका गटाला अर्क नुसता दे आणि एका गटाला पेजेतून दे, असं म्हटलं तर ती म्हणाली, "आजी, आम्हाला माणसांवर करायची परवानगी नाही, भांड्यातल्या जिवाणूंवर करायचंय." बरं बाई.

सध्या मी सिंहगड रस्त्याच्या बाजूला राहते. २०२५ च्या जानेवारीत इथे जीबीएसची साथ आली, २०० हून जास्त संशयित रुग्ण झाले. अनेकांना आधी जुलाब झालेले, तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू निघाला आणि बोट पाण्याकडे दाखवलं गेलं. सोसायटीतल्या तिघीजणी माझ्याकडे काढ्याची कृती मागायला आल्या होत्या. मी त्यांना पाणी उकळायला सांगितलं. एक रागावली, "तुम्ही आयुर्वेदवाल्या ना?" म्हणाली. मी कुठलीच वाली नाही हो. मोठ्या माणसाला साधे जुलाब असले, ताप नसला, रक्त नसलं तर बेलाचा मुरंबा किंवा कुटजारिष्ट मी आजही वैद्यांना विचारून घेते आणि मला गुण येतो. लहान मुलाला मात्र जलसंजीवनी, तीही पाकिटातली असेल तर उत्तम. डॉक्टर सांगतील तितके दिवस झिंक. दूध पितं बाळ असेल तर आईचं दूध चालूच. आणि रक्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल मलूल झालं तर काढा, गुटी, मी, कोणाचीही वाट न बघता दवाखाना.

बापूदादा आता अठ्ठ्याहत्तरचा आहे, गावीच असतो. हा लेख टाकायच्या आधी त्याला फोनवर वाचून दाखवला, कारण त्याचं नाव आहे. पूर्ण ऐकला. म्हणाला, "ती पेज काय खारट असायची गो. पण तू लिहिलंयस त्यात एक राहिलं. रात्री काकी, म्हणजे तुझी आई, माझ्याकडेही येऊन बसायची, बाळूकडून उठून." हे मला ठाऊक नव्हतं. मग म्हणाला, परड्यातला कुडा यंदा भरून फुललाय, मुलगा मे महिन्यात पुण्याला येईल त्याच्याबरोबर फुलं पाठवतो. उकडून पाणी पिळून टाक, कांदा, मिरची, ओलं खोबरं घाल आणि भाजी कर. शेंगा बघून घेतल्यात, म्हणाला, सुट्या आहेत.